शहाण्णव गुण

"टेबल चार फूट बाय दोन आहे. चालेल ना मॅडम?" गिरीश डाखोळेंनी विचारलं.

मी पर्समधून टेप काढून मोजलं. साडेतीन फूट जरी असतं तरी चाललं असतं. खिडकी उत्तरेला होती, पडदा जाड होता. कूलर मागच्या व्हरांड्यात बसवलेला असल्यामुळे त्याची घरघर खोलीत येत नव्हती. मे महिन्यातलं नागपूर, बाहेर पंचेचाळीस डिग्री, आणि त्या खोलीत मात्र वाळ्याचा गार वास. आतापर्यंत मी छत्तीस घरं पाहिली होती. इतकी चांगली खोली कुठेच मिळाली नव्हती.

"आणि वीज गेली तर?"

"हे पाहा." गिरीशनी जिन्याखालचा नवाकोरा इन्व्हर्टर दाखवला. "चार तास आरामात चालतो. यामिनी, ते ब्रॉडबँडचं बिल आण गं, मॅडमना दाखवू."

यामिनी दाराशी पन्ह्याचे पेले घेऊन उभी होती. तिने ट्रे टेबलावर ठेवला आणि बिल आणायला गेली. ती परत येते तोच स्वयंपाकघरातून तिच्या सासूबाईंचा आवाज आला, "यामिनी, वेलदोड्याची डबी कुठं ठेवली?" ती बिल नवऱ्याच्या हातात देऊन आत गेली. मी फॉर्मवर खुणा करत होते. वेगळी खोली, वीसपैकी वीस. इंटरनेट, वीसपैकी वीस. इन्व्हर्टर, पंधरापैकी पंधरा.

"शांतता आहे का, तेही आम्ही पाहतो," मी म्हटलं.

"अगदी शांत. शेजारी एक पिठाची गिरणी आहे, पण ती सकाळी दोनच तास चालते."

शांततेचे मी चार गुण कापले. तेवढ्यात सासरे दारात येऊन उभे राहिले. पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले, शांत स्वभावाचे गृहस्थ. "येऊ का? यामिनी, माझं चष्म्याचं घर या खोलीत राहिलं काय?" यामिनीने येऊन ते खिडकीतून काढून दिलं. मग सासूबाई इस्त्री न्यायला आल्या. माझ्याकडे पाहून हसल्या, म्हणाल्या, "बसा ना बाप्पा मॅडम, उभ्या काऊन?" मग नणंदेचा फोन आला, तोही यामिनीलाच.

कुटुंबाची संमती हा फॉर्ममधला शेवटचा रकाना होता. तिथे सासऱ्यांची आणि गिरीशची सही आधीच झालेली होती. संपूर्ण फॉर्म टपोऱ्या, सुरेख अक्षरात भरलेला होता. मी बेरीज केली. शहाण्णव. सगळ्यांत जास्त.

"अभिनंदन, शंभरपैकी शहाण्णव," मी उठत म्हटलं. "अजून यादी लागायची आहे, पण काळजी करू नका."

गिरीश मनापासून हसले. सासूबाईंनी माझ्या हातात लोणच्याची बरणी दिली. यामिनी मला फाटकापर्यंत सोडायला आली. ऊन इतकं होतं की फाटकाची कडी भाजत होती. तिने ती पदराने धरून उघडली आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली,

"मॅडम, मला नापास करा."

"काय?"

"नापास करा. काहीही कारण लिहा."

आतून हाक आली. ती वळली आणि निघून गेली. मी लोणच्याची बरणी हातात धरून रस्त्यावर उभी.

ही २००९ सालची गोष्ट. 'घरून काम' हा शब्द तेव्हा कोणाच्या तोंडी नव्हता. कोणी घरून काम करतं म्हटलं की लोक विचारायचे, "नोकरी सुटली का?"

आमचं ऑफिस रामदासपेठेत तिसऱ्या मजल्यावर होतं. अडतीस माणसं. परदेशातले डॉक्टर रोगी तपासून झाला की त्याची हकिगत बोलून रेकॉर्ड करत, ती रेकॉर्डिंग आमच्याकडे येत, आणि आम्ही ती कानाला हेडफोन लावून, पायाखालच्या पेडलने मागेपुढे करत, ऐकून टाइप करायचो. काम सोपं वाटतं, पण उजवा पाय आणि डावा पाय यांत चूक झाली तर तिकडे कोणाच्या तरी चांगल्या पायावर सुरी चालते. म्हणून शंभर शब्दांत किती शब्द बरोबर, यावर आमचा जीव टांगलेला असे. मी त्या ऑफिसची इन्चार्ज. नलिनी खेडीकर. माझ्या नजरेतून गेल्याशिवाय एकही कागद बाहेर जात नसे.

त्या वर्षी इमारतीच्या मालकाने अर्धा मजला परत मागितला. आमचे मालक विलास पाठराबे यांच्यापुढे दोनच वाटा होत्या. बारा माणसं कमी करायची, नाहीतर बारा माणसांना घरून कामाला बसवायचं. त्यांनी दुसरी वाट धरली. पण परदेशी कंपनीची अट होती. पहिल्या तीन महिन्यांची मिळून या बारा जणांची सरासरी अचूकता साडेअठ्ठ्याण्णव टक्क्यांच्या खाली जाता कामा नये. गेली, तर प्रयोग बंद आणि बारा जणांची नोकरीही बंद.

"खेडीकर बाई," सर मला म्हणाले होते, "माणसं तुम्ही निवडा. उत्तम बारा द्या. बाईमाणसं जास्त घ्या, त्यांना सोयीचं पडेल. पुरुष घरी बसला की दोन महिन्यांत दुसरा धंदा धरतो."

मी तीन रात्री खपून फॉर्म तयार केला होता. शंभर गुणांचा. मला त्या फॉर्मचा अभिमान होता, हे कबूल करते.

आणि यामिनी डाखोळे आमच्याकडची सर्वांत चांगली टायपिस्ट होती. सत्तावीस वर्षांची, पाच वर्षं नोकरीत. तिची अचूकता साडेनव्व्याण्णवच्या खाली कधी आलीच नव्हती. ती बारांत असेल तर इतर कोणी थोडं घसरलं तरी सरासरी सांभाळली गेली असती. अशी मुलगी मला नापास करा म्हणत होती.

दुसऱ्या दिवशी मी तिला पाण्याच्या कूलरपाशी गाठलं.

"काल काय म्हणालीस? काही त्रास आहे का घरी?"

"नाही मॅडम."

"मारहाण? बोलणी?"

ती दचकली. "छे! काहीही काय. तुम्ही पाहिलं ना, सगळे चांगले आहेत."

"मग कारण सांग. मी खोटं नापास करू शकत नाही. सर विचारतील."

"मग राहू द्या," ती म्हणाली. "घरी मात्र काही बोलू नका." आणि हेडफोन लावून बसली.

मला तिचा रागच आला. बारा जणांच्या पोटाचा प्रश्न, आणि हिला कारण सांगायलाही नको. मी यादीत तिचं नाव पहिल्या क्रमांकावर ठेवलं.

यादीचं काम जवळपास संपलं होतं. एकच घर बाकी होतं, तेही नुसतं नावापुरतं पाहायचं होतं. मोरेश्वर बावणे. आमच्याकडचे टायपिस्ट, वय पस्तीस, दोन वर्षांपूर्वी स्कूटरच्या अपघातानंतर मांडीत सळई बसवलेली. त्यांनी अर्ज केला तेव्हा पाठराबे सर हसले होते. कागदावर त्यांचे गुण बेचाळीस होत होते. हुडकेश्वरला एक खोली आणि स्वयंपाकघर. इन्व्हर्टर नाही.

मी गेले तेव्हा बावणेंची बायको छाया घरी होती. सरकारी दवाखान्यात नर्स, तेव्हा नुकतीच ड्युटीवरून आलेली. खोलीच्या कोपऱ्यात कपाट आडवं लावून त्यामागे एक लहान टेबल मांडलं होतं, भिंतीकडे तोंड करून. पाय ठेवायला समोर लाकडी खोकं, त्यावर उशी.

"स्क्रीन कोणाला दिसत नाही, पाहा मॅडम," बावणे म्हणाले. "बाहेरच्या रोग्यांची माहिती आहे ना, तुम्ही मागे सांगितलं होतं."

"बसून दाखवा," मी म्हटलं. सोबत नेलेली नमुन्याची फाइल त्यांना लावून दिली. चार मिनिटांची, टाइप करायला पंधरा मिनिटं लागतील अशी.

ते बसले, पाय उशीवर टाकला, हेडफोन लावला. मी खाटेवर बसून राहिले. त्या पंधरा मिनिटांत भाजीवाला ओरडत गेला. शेजारीण सासूच्या गोळ्या विचारायला आली, छाया तिला दाराबाहेर घेऊन गेली आणि हळू आवाजात बोलून परत आली. गॅसवर दूध वर आलं, ते तिनेच उतरवलं. मग मला चहा दिला, तोही कप बशीवर वाजू न देता.

"यांना नाही दिला?" मी विचारलं.

"उठल्यावर देईन. हेडफोन लावला की मी त्याला हाक मारत नाही," ती म्हणाली. "आणि ऑफिसचे तीन जिने चढून उतरून रात्री पाय एवढा सुजतो, मॅडम. दोघांनाही झोप नसते. हे काम मिळालं तर इन्व्हर्टर मी हप्त्यावर घेईन, तुम्ही सांगा फक्त."

बावणेंची फाइल मी तिथेच तपासली. एक चूक होती, तीही स्वल्पविरामाची.

रिक्षात बसल्यावर मी त्यांच्या फॉर्मकडे पाहत राहिले. बेचाळीसच होते. मी दिलेल्या गुणांत काहीच चुकलेलं नव्हतं. पण काहीतरी बसत नव्हतं. मी ते तसंच सोडून दिलं.

यादी पक्की करण्याआधी सगळ्यांची एक दिवसाची रंगीत तालीम घ्यायची ठरली होती. बारा जणांनी मंगळवारी आपापल्या घरून काम करायचं. काम सर्व्हरवर येत होतं, तेव्हा कोणी कधी सुरू केलं, कधी थांबवलं, सगळं मला ऑफिसात बसून दिसत होतं.

संध्याकाळी पाच वाजता मी यामिनीच्या फाइली उघडल्या. वीस मिनिटांच्या रेकॉर्डिंगला ती एरवी सव्वा तास घ्यायची. त्या दिवशी एका फाइलला तीन तास लागले होते. नऊ दहाला सुरू, नऊ बावीसला बंद. नऊ एकतीसला सुरू, पस्तीसला बंद. दिवसभर असंच. दोन मिनिटं, पाच मिनिटं, बंद. आणि दुसऱ्या फाइलच्या तिसऱ्या पानावर, डॉक्टर स्पष्ट आवाजात 'डावा गुडघा' म्हणत असताना, यामिनीने 'उजवा' टाइप केलं होतं. मी तीनदा ऐकलं. पाच वर्षांत तिची अशी चूक मी पाहिली नव्हती.

माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो हाच की हिने मुद्दाम केलं. मी नापास करत नाही म्हणून स्वतःच नापास झाली. मला संताप आला. बुधवारी सकाळी ती आली तशी मी तिला कॉन्फरन्सच्या खोलीत बोलावलं आणि दार लावून तो कागद पुढे टाकला.

"हे मुद्दाम केलंस का?"

तिने कागद पाहिला. 'उजवा' या शब्दाखाली मी लाल रेघ मारली होती. ती खुर्चीवर बसली. तिचा चेहरा असा उतरला की मला माझा आवाज चढल्याचं वाईट वाटलं.

"मुद्दाम केलं असतं तर बरं वाटलं असतं, मॅडम," ती म्हणाली. "मी खूप प्रयत्न केला. म्हटलं, दाखवू तरी, जमतं का."

"मग?"

"तुम्ही कधी मोजलंय, घरात दिवसभरात तुम्हाला कितीदा हाक मारतात?"

"नाही."

"मी काल मोजलं. चोवीस." ती रडत नव्हती. नोंद सांगावी तसं सांगत होती. "कोणी वाईट बोललं नाही. आईंनी मला दोनदा चहा आणून दिला. बाबांनी विचारलं, पंखा वाढवू का? नणंद माई राहायला आलीय, ती म्हणाली, वहिनी, दोन मिनिटं माझ्या पिंटूला धर, मी आंघोळ करून येते. नळ आला ते मला सांगितलं. कुरिअरवाला आला ते मला सांगितलं. ती खोली माझी आहे, मॅडम, पण दार माझं नाही. घरात असलेल्या माणसाला हाक मारतातच. त्यात कोणाचं काय चुकलं?"

"घरी सांग ना त्यांना की काम चालू असताना..."

"सांगितलं. आई म्हणाल्या, बरं गं, आता नाही बोलवणार. दहा मिनिटांनी दारात उभ्या. त्यांनाही कळत नाही त्या हाक मारतात ते." तिने तो कागद उलटा ठेवला. "मॅडम, मला नीट येतं असं एकच काम आहे. बाकी स्वयंपाक म्हणा, शिवण म्हणा, माझ्यापेक्षा सगळ्यांना चांगलं येतं. इथं पाच वर्षांत माझी चूक निघाली नाही. तुम्ही मला घरी बसवलं तर सहा महिन्यांत मी सुद्धा म्हणेन, जाऊ दे, सोडते नोकरी, होत नाही. आणि सगळे म्हणतील, हिनेच सोडली."

"हे तू गिरीशना का नाही सांगितलंस? फॉर्म भरताना?"

"फॉर्म त्यांनीच भरला. त्यांना वाटलं, मला आनंद होईल. बसची दगदग वाचेल." ती जराशी हसली. "नाही म्हणायला कारण लागतं, मॅडम. माझ्याकडे कारणच नाही."

ती गेल्यावर मी कपाटातून सगळे फॉर्म काढले. अडतीस. एकेक उलटून पाहिला. मी टेबलाची लांबी विचारली होती, खिडकीची दिशा विचारली होती, शेजारच्या गिरणीची वेळ विचारली होती. नवऱ्याची, सासऱ्याची, वडिलांची संमती विचारली होती. ज्याला काम करायचं त्याची इच्छा मी कुठेच विचारली नव्हती. अडतीसपैकी अकरा फॉर्मवर कर्मचाऱ्याचं अक्षरच नव्हतं.

मी त्या दिवशी दुपारीच निवडलेल्या बारा जणांना एकेक करून त्या खोलीत बोलावलं. समोर कोरा कागद आणि पेन. "घरून काम करायची तुमची स्वतःची इच्छा आहे का? हो किंवा नाही. कागद फक्त मी पाहणार." मी बाहेर थांबायचे, ते लिहायचे.

आठ जणांनी 'हो' लिहिलं. एकीने नुसतं 'नको'. एकीने लिहिलं होतं, 'घरी मी काम करते असं कोणी धरणारच नाही.' एकीने, 'घरी मला झोप येते, खरं सांगते.' यामिनीचा कागद कोरा होता.

मी चौघींची नावं काढली. त्यांच्या जागी, ज्यांनी स्वतः धावपळ करून अर्ज केला होता असे चार घेतले. त्यात मोरेश्वर बावणे होते. नवी यादी सरांच्या टेबलावर ठेवली आणि उभी राहिले.

सरांनी यादीवरून वरून खाली बोट फिरवलं.

"डाखोळे कुठंय?"

"नाही घेतली."

"बाई, ती आपली सगळ्यांत चांगली मुलगी आहे. आणि बावणे? बेचाळीस गुण? तुमच्याच फॉर्मवर?"

"फॉर्म चुकला सर. मीच चुकवला."

"मला बारा जणांच्या नोकऱ्या वाचवायच्या आहेत," ते शांतपणे म्हणाले. ते वाईट माणूस नव्हते, घाबरलेले होते. "तुम्ही मनाचा कौल घेत बसल्या. आकडा खाली गेला तर त्या बारा जणांना तोंड कोण देईल?"

"मी देईन. तीन महिन्यांची सरासरी साडेअठ्ठ्याण्णवच्या खाली गेली तर त्या बारांच्या आधी माझा राजीनामा घ्या. आत्ता लिहून देते."

"नाटक करू नका."

मी टेबलावरचा कागद ओढला आणि लिहिलं. तारीख सोडून सगळं. सही केली. त्यांनी तो कागद उचलला, वाचला आणि खणात टाकला.

शुक्रवारी यादी लागली. शनिवारी सकाळी अकरा वाजता गिरीश डाखोळे ऑफिसात आले. सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. गिरीश उभेच होते, हातात हेल्मेट.

"मॅडम, तुम्ही स्वतः अभिनंदन म्हणालात. शहाण्णव गुण म्हणालात. आम्ही इन्व्हर्टर घेतला. आता नाव नाही. आमच्या घरात काय कमी दिसलं तुम्हाला?"

"काही नाही," मी म्हटलं. "तुमचं घर उत्तम आहे."

"मग कारण सांगा."

कारण मला माहीत होतं, पण ते माझं नव्हतं. मी ते बोलले असते तर ती घरी जाऊन काय काय उत्तरं देत बसली असती! मी म्हटलं, "कारण मी देणार नाही. निर्णय माझा आहे."

सर मध्ये पडले. "गिरीशराव, आपण असं करू. तिलाच विचारू. तिची तयारी असेल तर मी नाव घालतो, मॅडम काहीही म्हणोत." त्यांनी बेल दाबली.

यामिनी आली. नवऱ्याला पाहून दारातच थांबली. सर म्हणाले, "ये. घाबरू नको. घरून काम करणार ना?"

ती माझ्याकडे बघेल असं मला वाटलं. तिने पाहिलं नाही. ती गिरीशकडे पाहत होती.

"मला ऑफिसात यायचंय," ती म्हणाली.

"अगं पण का?" गिरीशच्या आवाजात राग नव्हता, त्यांना खरंच कळत नव्हतं. "घरात काही त्रास आहे का तुला? असेल तर इथं सांग. यांच्यासमोर सांग."

"काहीच त्रास नाही."

"आई काही बोलली?"

"नाही."

"मी काही बोललो?"

"नाही."

"मग?"

"तरी मला ऑफिसात यायचंय."

गिरीशनी हेल्मेट एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. कान लाल झाले होते. "चल," ते म्हणाले, "घरी बोलू." यामिनीने जाऊन पर्स घेतली. जाताना तिने कॉम्प्युटर बंद केला, पेडल टेबलाखाली सरकवून ठेवलं.

सोमवारी ती आली नाही. मंगळवारी नाही. फोन केला तर सासऱ्यांनी उचलला, म्हणाले, "बरं नाही तिला." मग फोन उचलणंच बंद झालं. मी तिला वाचवायला निघाले आणि तिची नोकरी घालवली, असं मला त्या दिवसांत वाटायचं. ऑफिसातल्या दोघीतिघीही तसंच बोलत होत्या, माझ्या पाठीमागे.

प्रयोगाचं काय झालं ते इथंच सांगून टाकते. पहिला महिना वाईट गेला. अठ्ठ्याण्णव पूर्णांक दोन. सरांनी खण उघडून तो राजीनामा माझ्यासमोर ठेवला, मग परत आत टाकला. मी रोज सकाळी सात वाजता उठून बारांच्या फाइली पुन्हा ऐकायचे, चुका लिहून पाठवायचे. एकीचं ब्रॉडबँड सारखं जायचं, तिला दुसरं घेऊन दिलं. एकीच्या घराशेजारी लग्नाचा मांडव घातला, लाउडस्पीकर लागला, ती आठवडाभर मामाच्या घरी जाऊन बसली. कोणी हात टेकले नाहीत. बावणेंनी एका महिन्यात एकही चूक केली नाही. दुसऱ्या महिन्यात अठ्ठ्याण्णव सहा, तिसऱ्यात अठ्ठ्याण्णव नऊ. सरासरी साडेअठ्ठ्याण्णवच्या जेमतेम वर राहिली. तो कागद सरांनी माझ्यादेखत फाडला. पुढल्या वर्षी बाराचे वीस झाले. मोरेश्वर बावणेंनी त्यानंतर अकरा वर्षं घरून काम केलं.

पण तो पहिला महिना चालू असतानाच, यामिनी गेल्याला बारा दिवस झालेले, दुपारी तीनच्या सुमारास शिपाई म्हणाला, "मॅडम, एक काकू आल्या आहेत. तीन जिने चढून आल्या, दम लागलाय त्यांना."

डाखोळे काकू होत्या. यामिनीच्या सासूबाई. कपाळावर घाम, हातात छत्री. मी पाणी दिलं आणि मनाची तयारी केली. भांडायला आल्या असतील तर ऐकून घ्यायचं, असं ठरवलं.

"घरी दहा दिवस कोणी कोणाशी धड बोलून नाही राहिलं," त्या म्हणाल्या. "ती काम सगळं करते. तोंडातून शब्द नाही. गिरीश म्हणतो, विचार तिला, विचार. काय विचारू? ती म्हणते, काही नाही." त्यांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. "मले पाहू द्या, ती कुठं बसते ते."

मी त्यांना घेऊन गेले. यामिनीची खुर्ची रिकामी होती. दोन्हीकडे पोरी हेडफोन लावून बसल्या होत्या. कोणी मान वर केली नाही. काकूंनी खुर्चीवर हात ठेवला, मग विचारलं, "बसू काय?"

"बसा ना."

त्या बसल्या. छत्री मांडीवर आडवी ठेवली. मी जरा दूर उभी राहिले. सगळीकडे टाइपिंगचा आवाज, पावसासारखा बारीक. पाच मिनिटं गेली. दहा गेली. शेजारची मुलगी उठून पाणी पिऊन आली, त्यांच्याकडे पाहून हसली, पुन्हा बसली.

"इथं कोणी आवाज देत नाही?" काकूंनी हळूच विचारलं.

"नाही."

"दिवसभर?"

"जेवायच्या सुट्टीत बोलतात. एरवी नाही."

त्यांनी मान हलवली. मग समोरच्या बंद स्क्रीनकडे पाहत राहिल्या. तिथे त्यांचंच प्रतिबिंब पडलं होतं. मला वाटलं त्या आता उठतील. त्या उठल्या नाहीत. डोळे मिटून, पाठ टेकून, आणखी कितीतरी वेळ बसून होत्या. एकोणीस वर्षांच्या असताना त्या सासरी आल्या होत्या, हे मला पुढे कधीतरी यामिनीकडून कळलं. तोवर बेचाळीस वर्षं झाली होती.

चार वाजता त्यांनी डोळे उघडले. उठून खुर्ची होती तशी आत सरकवली.

"सोमवारी येईल ती," म्हणाल्या. "गिरीशले मी सांगतो."

मी त्यांना खाली सोडायला गेले. लिफ्ट त्या दिवशीही बंद होती. दुसऱ्या मजल्यावर त्या कठड्याला धरून थांबल्या. मी म्हटलं, "घाई नाही काकू, सावकाश."

"घाई कशाची," त्या म्हणाल्या. "घरी सांगून नाही आले मी." आणि पायरीवरच बसल्या.